अंधारात रंगणारे जिवाणू

समुद्राचे थोडे पाणी पेप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घातलेल्या आगरवर पसरून प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवली, की काही दिवसांत पांढऱ्या-पिवळट ठिपक्यांच्या गर्दीत गुलाबी, नारिंगी, विटकरी वसाहती डोके वर काढतात. रंगीत वसाहत म्हणजे कॅरोटिनॉइड, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीच्या वर्गातच मनात पक्के बसते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते; म्हणून या वसाहतींकडे पुष्कळ वर्षे कोणी दुसऱ्यांदा पाहिले नाही. पण यांतली एखादी अंधारात वाढवावी, पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये तळाला बसवाव्यात, सात भाग अॅसिटोन आणि दोन भाग मिथेनॉल यांच्या मिश्रणात त्यांचा रंग उतरवावा आणि तो अर्क स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवावा. कधीकधी ७७० नॅनोमीटरच्या आसपास आलेख छोटीशीच पण निःसंदिग्ध उसळी घेतो. तिथे कॅरोटिनॉइड प्रकाश शोषत नाहीत आणि झाडांचे हरितद्रव्यही शोषत नाही. ती उसळी बॅक्टेरिओक्लोरोफिल-ए या रंगद्रव्याची असते. म्हणजे भरपूर हवेत, तयार सेंद्रिय अन्नावर, तुमच्याआमच्यासारखा ऑक्सिजन घेत वाढणाऱ्या या जिवाणूजवळ प्रकाश पकडायची यंत्रणाही असते. या कामात पडणाऱ्याला मग हटकून प्रश्न पडतो, की अन्न तयार मिळत असताना याला उन्हाची गरज काय? माझे म्हणणे असे, की ऊन हे त्याचे अन्न नाहीच. मिळालेल्या अन्नातले किती जाळायचे आणि किती अंगी लावायचे, हे ऊन ठरवते. आणि मुळात ऊन पकडायची यंत्रणा उभारायची की नाही, हे अन्न ठरवते. प्रकाशाचा हिशेब एका वहीत आणि पोषणाचा दुसऱ्या वहीत ठेवला, तर दोन्ही चुकतात.

हे जिवाणू इतके उशिरा लक्षात आले, याचे कारण आधीच्या ज्ञानाच्या पक्केपणात आहे. जांभळे जिवाणू उजेडाकडे, तेही डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त उजेडाकडे ओढले जातात, हे थिओडोर एंगेलमान यांनी १८८३ मध्येच दाखवले होते. पण ते जिवाणू साचलेल्या पाण्याच्या तळाशी, चिखलात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही अशा जागी प्रकाशसंश्लेषण करणारे. पुढे १९५७ मध्ये जर्मेन कोहेन-बाझिर, सिस्ट्रम आणि स्टेनियर यांनी दाखवले, की अशा जिवाणूंच्या कल्चरमध्ये हवा सोडली की बॅक्टेरिओक्लोरोफिल बनणे ताबडतोब थांबते. त्यामागचे कारणही पटण्यासारखे आहे: हे रंगद्रव्य, प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र आले की सिंगलेट ऑक्सिजन नावाचा अत्यंत जहाल प्रकार तयार होतो, आणि तो पेशीच्या पडद्यापासून प्रथिनांपर्यंत सगळ्यांना पोळून काढतो. तेव्हा ऑक्सिजन न सोडणारे प्रकाशसंश्लेषण म्हणजे ऑक्सिजन नसलेली जागा, हा नियम झाला आणि नियमाबाहेर शोधायला कोणी गेले नाही. १९७९ मध्ये त्सुनेओ शिबा, सिमिदु आणि तागा या जपानी संशोधकांनी किनाऱ्यावरच्या समुद्रशैवालांवरून आणि इतर किनारी नमुन्यांतून असे जिवाणू वेगळे केले, जे हवेशिवाय वाढतच नव्हते आणि तरीही बॅक्टेरिओक्लोरोफिल बाळगून होते. १९८२ मध्ये त्यांतल्या एकाला एरिथ्रोबॅक्टर लाँगस हे नाव मिळाले. हवेत वाढणारे हे जिवाणू नियम मोडून कसे तगतात, याचा उलगडा त्यांच्या रंगातच होतो. त्यांच्यात बॅक्टेरिओक्लोरोफिल जुन्या जांभळ्या जिवाणूंच्या मानाने फारच थोडे असते आणि कॅरोटिनॉइड मात्र उदंड. एरिथ्रोबॅक्टरमधली बहुतेक कॅरोटिनॉइड प्रकाश पकडून पुढे देण्याच्या कामी येतच नाहीत. ती सिंगलेट ऑक्सिजनला निष्प्रभ करण्यासाठी असतात. प्लेटवर दिसणारा तो सुंदर नारिंगी रंग बव्हंशी संरक्षणाचा आहे, कमाईचा नाही.

यंत्रणा थोडक्यात अशी. पेशीपडद्यातल्या रंगद्रव्यांनी पकडलेली ऊर्जा अभिक्रिया-केंद्रातल्या बॅक्टेरिओक्लोरोफिलच्या एका खास जोडीपर्यंत पोचते. तिथून एक इलेक्ट्रॉन सुटतो, क्विनोनवर जातो, तिथून सायटोक्रोम बीसी-१ या संकुलातून सायटोक्रोम-सी वर आणि शेवटी फिरून त्याच जोडीवर परत येतो. पाणी फोडले जात नाही, ऑक्सिजन बाहेर पडत नाही. इलेक्ट्रॉन गोल फिरला, एवढेच. पण त्या फेऱ्यात प्रोटॉन पडद्याच्या बाहेर ढकलले जातात आणि ते परत आत येताना एटीपी बनते. आता हेच क्विनोन, हेच बीसी-१ संकुल आणि सायटोक्रोम-सी श्वसनाच्या मार्गातही असतात. अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन याच वाटेने ऑक्सिजनपर्यंत जातात आणि प्रोटॉन बाहेर ढकलतात. म्हणजे दोन वेगळे कारखाने नाहीत. मधला पट्टा सामाईक आहे. सारा पेच इथे सुटतो असे मला वाटते. ऑक्सिजन का हवा, तर क्विनोन सगळे इलेक्ट्रॉनने भरून बसले तर प्रकाशाने सोडलेल्या इलेक्ट्रॉनला जायला जागा उरत नाही. श्वसन ते क्विनोन रिकामे करत राहते, म्हणून हवा काढून घेतली की या जिवाणूंचे प्रकाशाचे चक्र अडखळते. आणि उजेडात श्वसन का मंदावते, तर प्रकाशाने प्रोटॉनचा दाब आधीच वाढवून ठेवलेला असल्याने त्याच दाबाविरुद्ध श्वसनाला काम करावे लागते. ऑक्सिजन इलेक्ट्रोड लावलेल्या बंद भांड्यात हे जिवाणू ठेवून दिवा लावला, की ऑक्सिजन घटण्याची रेघ कमी उताराची होते आणि दिवा बंद केला की पुन्हा तीव्र. हा परिणाम शोधावा लागत नाही, तो समोर दिसतो.

उजेडाचा उपयोग एटीपीपाशी थांबतो, हे इथे निक्षून सांगायला हवे. वनस्पती किंवा नीलहरित जिवाणू प्रकाशाची ऊर्जा वापरून कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवतात. त्यासाठी लागणारे रुबिस्को हे विकर आणि केल्विन चक्र या हवेत वाढणाऱ्या बहुतेक जिवाणूंकडे नसते. रोझिओबॅक्टर डीनायट्रिफिकन्सचा संपूर्ण जनुकसंच २००७ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा प्रकाशाच्या यंत्रणेची जनुके सगळी होती, पण केल्विन चक्राची मुख्य जनुके नव्हती. थोडा कार्बन डायऑक्साइड ते घेतात, पण तो पायरुव्हेटसारख्या आधीच असलेल्या रेणूंना जोडून क्रेब्स चक्रातली तूट भरून काढण्यासाठी. त्यावर पेशी उभी राहत नाही. अंग उभे करायला त्यांना दुसऱ्याने बनवलेला कार्बन लागतोच: शैवालांतून पाझरलेली अमिनो आम्ले, साखरा, सेंद्रिय आम्ले. गच्चीवर सोलर बसवलेल्या घरात स्वयंपाक गॅसवरच होतो, पण आंघोळीचे पाणी उन्हाने तापते आणि सिलिंडर लांबतो. तसा हा प्रकार आहे. फक्त इथे सिलिंडरमधला गॅस आणि ताटातले अन्न एकच वस्तू आहे, त्यामुळे जळण वाचले म्हणजे अन्नच वाचले. ग्लुकोजच्या एका रेणूतले सहाच्या सहा कार्बन जाळून टाकण्याऐवजी त्यांतले काही प्रथिनांत, पडद्यात, डीएनएत गेले तर तेवढ्याच खाण्यावर जास्त पेशी तयार होतात. हाच माझा मुद्दा आहे आणि तो तपासता येण्याजोगा आहे.

तपासण्याचे मार्ग तीन आणि तिन्हींनी एकाच दिशेने बोट दाखवले आहे. पहिला, मर्यादित अन्न देऊन उजेडात आणि अंधारात पीक किती येते ते मोजणे. चेक प्रजासत्ताकातल्या त्रेबोन इथल्या मिखाल कोब्लिझेक यांच्या गटाने असे मोजमाप वेगवेगळ्या कार्बनस्रोतांवर केले आणि प्रकाशात अधिक कार्बन पेशींत जातो, किती अधिक ते कोणते अन्न दिले यावर अवलंबून असते, असे दाखवले. या शेवटच्या तपशिलाकडे लोक सहज दुर्लक्ष करतात, मला मात्र तोच सगळ्यात बोलका वाटतो. ऊन तेच, जिवाणू तोच, फक्त ताटातला पदार्थ बदलला आणि उन्हाचा फायदा बदलला. दुसरा मार्ग उपासाचा. डायनोरोझिओबॅक्टर शिबाए या, शिबांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि एका डायनोफ्लॅजेलेट शैवालाच्या सोबतीने सापडलेल्या जिवाणूला दीर्घकाळ अन्नाशिवाय ठेवले असता उजेड-अंधाराच्या आलटून-पालटून मिळणाऱ्या चक्रात तो पूर्ण अंधारापेक्षा चांगला तगला. उपासात वाढ होत नाही, पण पेशी जिवंत ठेवण्याचा रोजचा खर्च असतोच. तो उन्हाने भागला तर स्वतःचे अंग जाळावे लागत नाही. तिसरा मार्ग यंत्रणाच मोडून बघण्याचा, आणि त्यासाठी समुद्र सोडून पाणथळ जमिनीत यावे लागते. ऐशिनोमेने जातकुळीतल्या काही वनस्पतींच्या मुळांवरच नव्हे तर खोडावरही गाठी येतात, आणि त्या गाठींत राहणारे ब्रॅडिरायझोबियम जिवाणू प्रकाशसंश्लेषण करतात. यांतली ऐशिनोमेने इंडिका कोकणातल्या भातखाचरांत तण म्हणून उगवते, तेव्हा हा जीव आपल्याला परका नाही. एरिक जिरो आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी ऐशिनोमेने सेन्सिटिव्हावरच्या अशा जिवाणूची प्रकाशयंत्रणा जनुकीय बदलाने बंद पाडली, तेव्हा खोडावर गाठी कमी आल्या आणि झाडाला मिळणारा नायट्रोजनही घटला. हवेतला नायट्रोजन बांधणे हे जीवसृष्टीतल्या अतिखर्चिक कामांपैकी एक. एका रेणूमागे किमान १६ एटीपी लागतात. झाडाने दिलेली साखर सगळी त्यात जाळायची, की उन्हाने थोडा भार उचलायचा, हा फरक तिथे उघड दिसतो. खोडावरच्या गाठीला ऊन लागते, मातीतल्या गाठीला लागत नाही. आणि हे प्रकाशसंश्लेषण खोडावरच्या गाठींसाठीच मोलाचे ठरते, यात मला काहीच नवल वाटत नाही.

आता अन्नाने यंत्रणेवर चालवलेली सत्ता. प्रयोगशाळेत या जिवाणूंशी काम करणाऱ्याला त्यांचा सर्वांत चमत्कारिक वाटणारा गुण म्हणजे ते अंधारात रंग धरतात. सतत दिव्याखाली ठेवलेले कल्चर हळूहळू बॅक्टेरिओक्लोरोफिल गमावते, कारण प्रकाशच त्याचे उत्पादन थांबवतो. पेशी दुभंगत जातात आणि जुने रंगद्रव्य विरळ होत जाते. निसर्गात याचा अर्थ सरळ आहे: रात्री बनवायचे, दिवसा वापरायचे, आणि ताजे रंगद्रव्य भर उन्हात अर्धवट अवस्थेत उघडे पडून सिंगलेट ऑक्सिजन निर्माण करणार नाही याची काळजी घ्यायची. पण अंधार पुरेसा नसतो. उत्तर समुद्रात जर्मनीच्या हेल्गोलँड बेटाजवळून वेगळा केलेला काँग्रेगिबॅक्टर लिटोरालिस हा जिवाणू याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. तो प्रकाश वापरतो, हे त्याच्या कल्चरकडे बघून कळले नाही. २००७ मध्ये त्याचा जनुकसंच वाचल्यावर प्रकाशयंत्रणेची जनुके सापडली आणि मग योग्य परिस्थितीत वाढवून ते रंगद्रव्य प्रत्यक्ष दाखवता आले. श्रीमंत मीडियावर, जिथे खायला मुबलक, तिथे तो यंत्रणा बांधतच नाही. अन्न तोलूनमापून दिले की बांधतो. आपल्या सगळ्या प्रयोगशाळांत सवयीने वापरले जाणारे समुद्री आगर म्हणजे या जिवाणूंना रोजची मेजवानी आहे, आणि मेजवानीत कोणी काटकसर करत नाही. एखाद्या नमुन्यात असे जिवाणू नाहीत, असा निष्कर्ष नुसत्या प्लेटच्या रंगावरून काढणाऱ्या अहवालाकडे मी म्हणूनच संशयाने बघतो. प्रकाशयंत्रणेच्या पफ-एम या जनुकाचा शोध घेतला, किंवा ८५० नॅनोमीटरपलीकडचा प्रकाश टिपणारा कॅमेरा लावलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाणी तपासले, तर तेच उत्तर पुष्कळदा बदलते.

यावर येणारा पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: काटकसर हाच फायदा असेल, तर जिथे अन्नाची सर्वाधिक टंचाई तिथे, म्हणजे खुल्या महासागराच्या निळ्या ओसाड पाण्यात, यांचे राज्य असायला हवे. एक काळ तसे वाटलेही. २००० मध्ये कोल्बर आणि सहकाऱ्यांनी पॅसिफिकच्या खुल्या पृष्ठभागावर बॅक्टेरिओक्लोरोफिलचे अवरक्त प्रतिदीपन टिपले, आणि पुढच्याच वर्षी ईशान्य पॅसिफिकमध्ये हे जिवाणू एकूण सूक्ष्मजीवांच्या किमान ११ टक्के असल्याचा अंदाज मांडला. पण पुढे नीलहरित जिवाणूंच्या प्रकाशाची अवरक्त भागात येणारी सरमिसळ वजा करून नीट मोजणी झाली तेव्हा चित्र उलटे निघाले. खुल्या पाण्यात प्रमाण बहुधा काही टक्क्यांचेच. खाड्यांत, नदीमुखांत, पोषणद्रव्ये असलेल्या किनारी पाण्यात जास्त. नियान्झी जिआओ यांच्या गटाने २००७ मध्ये हे विरोधाभासी वितरण जगभरच्या नमुन्यांवरून ठळक केले. माझ्या मते हा माझ्या मुद्द्याला धक्का नाही, उलट त्याचा आधार आहे. वाचवायला हाती काही असेल तरच वाचवणे शक्य. रंगद्रव्याच्या प्रत्येक रेणूत चार नायट्रोजन आणि एक मॅग्नेशियम जातो, भोवतीची प्रथिने वेगळीच, सायटोक्रोमसाठी लोह लागते. हे सगळे रोज रात्री नव्याने बनवायचे. ज्या पाण्यात नायट्रोजन आणि लोहाचीच वानवा, तिथे ही गुंतवणूक परवडत नाही. अशा पाण्यात प्रोटिओरोडॉप्सिनवाले जिवाणू भरभराटतात. त्यांची प्रकाशयंत्रणा म्हणजे एकच प्रथिन आणि रेटिनलचा एक रेणू. प्रोटिओरोडॉप्सिन २००० मध्ये माँटेरे उपसागरातल्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएत सापडले. ती यंत्रणा स्वस्त, तिची कमाईही थोडकी. मधल्या परिस्थितीत, जिथे सेंद्रिय कार्बन येतो पण पुरत नाही, पोषणद्रव्ये आहेत पण स्पर्धाही आहे, तिथे बॅक्टेरिओक्लोरोफिल परवडते. शिवाय अशा पाण्यात हे जिवाणू आकाराने सरासरीपेक्षा मोठे आणि झपाट्याने वाढणारे असतात. सूक्ष्म भक्षक त्यांना तितक्याच झपाट्याने खातात. म्हणून नुसत्या मोजणीवरून त्यांचे महत्त्व ठरवणे धोक्याचे आहे. समुद्राच्या ओसाड भागात ते अजिबात नाहीत, असेही मी म्हणत नाही. आहेत, पण सत्ता त्यांची नाही.

दुसरा आक्षेप उत्क्रांतीच्या अंगाने येतो: पूर्वजांपासून उरलेली ही अडगळ आहे, टाकून द्यायला वेळ मिळाला नाही इतकेच. जिवाणूंच्या बाबतीत हा तर्क मला नेहमीच लंगडा वाटतो. ज्यांच्या पिढ्या तासांत मोजल्या जातात आणि ज्यांच्यात निरुपयोगी जनुके गळून पडतात, त्यांनी चाळीसेक जनुकांचा अख्खा संच उगाच सांभाळला, हे मानायला कारण हवे. या यंत्रणेचा इतिहास पाहिला तर ती काही वंशांनी टाकलेली दिसते आणि काहींनी दुसऱ्यांकडून आडवी उचललेलीही दिसते. रोझिओबॅक्टर लिटोरालिसमध्ये तर हा संच गुणसूत्रावर नसून प्लाझमिडवर आहे, म्हणजे उचलून दुसऱ्याला देता येईल अशा जागी. पुन:पुन्हा घेतली जाणारी वस्तू अडगळ नसते. ऑस्ट्रियातल्या गोसेनकोलेझे या डोंगरी तलावातून वेगळ्या केलेल्या एका स्फिंगोमोनासकडे बॅक्टेरिओक्लोरोफिलची यंत्रणा आणि रोडॉप्सिन, दोन्ही आहेत, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. जिवाणूने एकाच घरात दोन सौरयंत्रणा ठेवल्या, तर त्याच्या लेखी ऊन वाया जाऊ देण्याची गोष्ट नाही. मात्र या आक्षेपातला एक भाग खरा आहे आणि तो मान्य करायला हवा: प्रकाश म्हणजे निव्वळ नफा नव्हे. डायनोरोझिओबॅक्टरला अंधारातून उजेडात आणले की पहिल्यांदा त्याची धांदल उडते. सिंगलेट ऑक्सिजनविरुद्धची जनुके जागी होतात. प्रकाशाची तीव्रता वाढवत नेली तर फायदा त्याच प्रमाणात वाढत नाही. हिशेबात खर्चाची ही बाजू धरली तरच उरलेला नफा खरा.

तिसरी शंका व्यावहारिक आहे. बॅक्टेरिओक्लोरोफिल पेशीत ८०० ते ८७० नॅनोमीटरच्या अवरक्त पट्ट्यात जोरात प्रकाश शोषते, आणि पाणी हाच पट्टा एक-दोन मीटरांतच गिळून टाकते. मग याचा उपयोग समुद्रात किती? उत्तर असे, की त्याच रंगद्रव्याला ३७० आणि ५९० नॅनोमीटरच्या आसपासही शोषण आहे. त्यामुळे खोलवर पोचणाऱ्या निळ्याकडच्या प्रकाशावरही काही भागते. उथळ तळी, नदीमुखे, झाडाचे पान, खोडावरची गाठ यांना अवरक्ताची अडचणच नाही. आणि प्रयोग करणाऱ्याच्या दृष्टीने तर हा पट्टा वरदान आहे. झाडे, शैवाले आणि नेहमीचे नीलहरित जिवाणू ७०० नॅनोमीटरपलीकडचा प्रकाश जवळपास वापरत नाहीत. तळ्याच्या पाण्यावर फक्त अवरक्त दिवा लावला, तर शैवालांना तो अंधारच आणि आपल्या जिवाणूंना दिवस. त्या दिव्याखाली श्वसन घटले तर ते कोणामुळे, याचा संशय राहत नाही, आणि त्रेबोनच्या गटाने गोड्या पाण्यावर हेच करून दाखवले आहे.

इथून प्रश्न जिवाणूंपुरता उरत नाही. १९२७ पासून, गार्डर आणि ग्रान यांनी ऑस्लोच्या फ्योर्डमध्ये वापरलेल्या पद्धतीप्रमाणे, समुद्राचे श्वसन काळ्या बाटलीत मोजले जाते. एक बाटली उजेडात, एक पूर्ण झाकलेली. झाकलेलीत प्रकाशसंश्लेषण नाही, म्हणून तिथे जेवढा ऑक्सिजन घटला तेवढे श्वसन. आणि उजेडातले श्वसनही तेवढेच असणार, असे गृहीत. पाण्यात उन्हाने जळण वाचवणारे जिवाणू असतील, तर काळ्या बाटलीत ते नेहमीपेक्षा जास्त कार्बन जाळतात आणि आपण तो आकडा दिवसाचा म्हणून लिहितो. चोवीस तास झाकून ठेवलेल्या बाटलीत त्यांचे रंगद्रव्याचे वेळापत्रकही बिघडते. खुल्या समुद्रात चूक लहान असेल, कारण तिथे त्यांचे प्रमाण कमी. खाडीत, तलावात, पावसाळ्यानंतर सेंद्रिय गाळ आणि पोषणद्रव्ये घेऊन आलेल्या नदीमुखात ती लहान राहण्याचे कारण दिसत नाही, आणि नेमके हेच पाणी किती कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते यावर आज हवामानाच्या हिशेबाचे बरेच काही टेकलेले आहे. दुरुस्तीला फार मोठी साधने लागत नाहीत. दोन बाटल्यांच्या शेजारी तिसरी बाटली ठेवावी, ८५० नॅनोमीटरच्या एलईडीखाली, तापमान सांभाळून, कारण अवरक्त दिव्याने पाणी तापले तर श्वसन वाढते आणि परिणाम झाकला जातो. आणि त्याच पाण्यातला विरघळलेला सेंद्रिय कार्बन, नायट्रेट आणि अमोनियम त्याच दिवशी मोजावे, म्हणजे कोणत्या ताटावर किती ऊन कामी आले ते एकाच तक्त्यात वाचता येईल.